कॅमेऱ्यामागच्या उमाबाई

लातुरात शिकवणीवर्गांच्या गल्लीत उमाबाईंची खानावळ होती. मुदखेड, नायगाव, उदगीर, कुठून कुठून डॉक्टर व्हायला आलेली साठ-सत्तर पोरं तिथं जेवायची. वाढताना उमाबाई समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या आणि उत्तर येईपर्यंत नजर काढायच्या नाहीत. "टेस्टला किती पडले रे?" एवढंच विचारायच्या. घरी फोनवर दीडशे सांगितलेलं पोरगं इथं निमूट नव्वद सांगायचं आणि मग भाकरी मोडायचं.

त्या किल्लारीकडच्या. भूकंपात नवरा गेला, घर गेलं. पाचव्या दिवशी टीव्हीवाले आले, तेव्हा त्या ढिगाऱ्यात परात शोधत होत्या. "बाई, कॅमेऱ्यात बघू नका, खाली बघा," असं त्यांना दोनदा बजावलं गेलं. ते चित्र 'आप्तांना शोधणारी माउली' म्हणून देशभर दाखवलं. उमाबाईंना ते पुढं कुणीतरी सांगितलं. "परात घावली का, ते कुणी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या.

दोन हजार चारच्या निवडणुकीला महादेवप्पा आमदारकीला उभे राहिले. मोंढ्यात धान्याची आडत, शहरात दोन शिकवणीवर्ग, असा माणूस. सभेत अप्पा दोन-दोन तास गाजवायचे. पण या वेळी केबलवरून थेट भाषण ठरलं आणि तिथं त्यांचं पाणी झालं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला की अप्पा अंगठीकडं बघायचे, छताकडं बघायचे, शेवटी कागदात तोंड खुपसायचे.

पुण्याहून आणलेला सल्लागार मिहिर समजावून थकला. "सर, लेन्समध्ये बघा. घरी बसलेल्या माणसाला वाटलं पाहिजे, हे माझ्याशीच बोलतायत."

"त्या काळ्या भोकात कोण हाय ओ? कुणाशी बोलू?"

केबलवाल्या सोमेशनं लेन्सच्या वर महादेवाचा फोटो चिकटवला. अप्पांनी हात जोडले आणि डोळेच मिटले. मग अप्पांच्या बायकोचा फोटो लावला. अप्पा अडखळायला लागले. तेव्हा सोमेशला उमाबाई आठवल्या. तो त्यांच्याकडंच जेवायचा.

"मावशी, कॅमेऱ्याच्या मागं फक्त बसायचं. बोलायचं काहीच न्हाई."

"बसते की. त्यात काय?"

तालमीला उंच स्टुलावर उमाबाई बसल्या, त्यांचा चेहरा बरोबर लेन्सच्या वर. अप्पांनी नमस्कार-चमत्कार केले, हवापाण्याबद्दल बोलले आणि नजर एकदाही हलली नाही. मिहिर खूश झाला. "नैसर्गिक! उद्या हेच ठेवायचं." तालमीत भाषण कुणी वाचलंच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता लाल दिवा लागला. खानावळीत पोरं ताटं घेऊन टीव्हीसमोर बसली होती.

"माझ्या बंधू-भगिनींनो," अप्पा म्हणाले, "भूकंपात रात्रंदिवस मी तुमच्या गावात होतो. या हातांनी ढिगारे उपसले."

उमाबाईंनी काहीच केलं नाही. दीडशे म्हणणाऱ्या पोराकडं बघतात तशा बघत राहिल्या.

अप्पा थांबले. "म्हणजे... रात्रंदिवस न्हाई. दिवसा होतो."

उमाबाई बघतच होत्या.

"दोन दिवस. न्हाई, एकच दिवस. गाडीतून उतरलो न्हाई, चिखल लई होता."

मिहिर हातवारे करायला लागला. अप्पांना तो दिसेना; नजर जिथं अडकली होती तिथून सुटत नव्हती.

"नळाला रोज पाणी देईन म्हणून छापलंय. ते होणार न्हाई. आठ दिवसांतून एकदा तरी यावं, म्हणून भांडीन." त्यांनी घाम पुसला. "आणि माझ्या क्लासच्या जाहिरातीत जे पहिले आलेल्यांचे फोटो हायत, त्यातली तीन पोरं आमची न्हाईत. अजून काय सांगू, अक्का?"

तिथं मिहिरनं वायर उपटली.

कार्यालयात रडारड झाली. पण चौकाचौकांत वेगळंच चाललं होतं. "पहिल्यांदाच कुणीतरी डोळ्यांत डोळे घालून खरं बोललं!" घरोघरच्या अक्का म्हणत होत्या, "मलाच हाक मारली बगा." अप्पा अकरा हजारांनी निवडून आले.

मिहिरनं लगेच 'प्रामाणिक नजर' नावानं ही युक्ती बाहेर विकायला काढली. उमाबाईंना गाडीत घालून नांदेडला पुढच्या एका निवडणुकीतल्या उमेदवाराकडं नेलं. तो हुशार निघाला. तो काळा चष्मा लावून बसला, चाळीस मिनिटं न अडखळता बोलला आणि पडला. मिहिरनं दोष स्टुलाच्या उंचीला दिला.

उमाबाईंना मात्र रुखरुख लागली होती. "मी काय केलं रे सोमेश? मी तर नुसती बसून राहिले होते." अप्पांना भेटून हे सांगावं म्हणून त्या सत्काराला गेल्या. मिहिरनं त्यांना अदबीनं हात धरून खांबाआड बसवलं. व्यासपीठावर अप्पांसमोर आता काच होती. भाषणाची अक्षरं तिच्यावरून सरकत होती आणि अप्पा झकास बोलत होते. रात्रंदिवस, या हातांनी, सगळं परत आलं होतं.

त्यानंतर आमदारांची गाडी खानावळीवरून जाईना. गल्लीतल्या आपल्या शिकवणीवर्गाकडं जायचं तर मागच्या बोळातून वळसा घ्यायची. बोळात खड्डे होते, आमदारांची कंबर दुखायला लागली, म्हणून महिन्याभरात तिथं डांबर पडलं, दिवे लागले, नालीवर फरश्या आल्या. खानावळीपुढची गल्ली होती तशीच राहिली.

उमाबाईंनी आठ दिवस ते काम बघितलं. मग गवंडी बोलावला आणि स्वैपाकघराची मागची भिंत फोडून खानावळीचं दार तिकडं काढलं. आता सिलिंडरचा गाडा थेट चुलीपाशी येतो आणि पावसाळ्यात पोरांच्या चपला चिखलानं भरत नाहीत.