आईने घातलेली घडी

अकरावीत असताना मी पनवेलच्या बाजारपेठेतल्या एका साडीच्या दुकानात काम मागायला गेले. ‘पार्ट टाइम मुली पाहिजेत, चार ते आठ’ असा कागद काचेवर चिकटवलेला होता. पगाराशी मला देणंघेणं नव्हतं. मला ते चार तास हवे होते. आई जाऊन सात महिने झाले होते आणि बाबा तळोज्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचे. कॉलेजातून आलं की कुलूप आपणच उघडायचं आणि फ्रिजचा आवाज ऐकत बसायचं. मला ते सहन होत नव्हतं.

मालकीण गादीवर मांडी घालून बसली होती. मी फोटोसकट रंगीत छापून आणलेला बायोडेटा तिने वाचलाही नाही, त्यावर पाण्याची बाटली ठेवली. मला रागच आला.

“ह्यो ढीग हाय ना, घड्या घाल बघू,” ती म्हणाली. नुकताच कुणाच्या तरी लग्नाचा बस्ता झाला होता, साड्या गादीभर विस्कटल्या होत्या.

घड्या मला येत होत्या. दिवाळी झाली की आई कपाटातल्या साऱ्या साड्या बाहेर काढायची आणि घडी बदलून ठेवायची. एकाच घडीवर साडी राहिली तर तिची जर तिथेच तुटते, म्हणून जुनी रेघ सोडून चार बोटं पुढे नवी. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मी बडबडत असले की म्हणायची, “टोकं जुळव आधी, तोंड नंतर चालव.”

पाच-सहा साड्या झाल्या तोच मालकीण ओरडली. “काय करतेस गो? दुकानात जुन्या रेघेवरच घडी पायजे. नायतर गिऱ्हाईक बोलंल, घडी मोडलेली साडी इकली!” मग एक साडी उचलून तिने उलटीपालटी केली. “हात मातर चांगला हाय. कोनी शिकवलं?”

“आईने.”

“मंग उद्या आईला घेऊन ये. तू लहान हायस. आईला इचारल्याबिगर मी पोरी ठेवत नाय.”

आई नाही, एवढंच सांगायचं होतं. पण ‘आईने’ म्हटल्याबरोबर ती घरी चहा टाकून माझी वाट बघत असावी असं वाटलं होतं, आणि ते मला घालवायचं नव्हतं. मी म्हणाले, “हो, आणते.”

मी परत गेले नाही. बाटलीखालच्या कागदावर माझा नंबर होता. दोन दिवसांनी तिचा फोन आला. “आईला यायला येल नसंल तर फोनवर दे तिला, मी बोलते.” मी फोन कापला. बाबांना सांगितलं, दुकानात आता मुली नको आहेत. मग वर्षभर संध्याकाळी मी तो फ्रिज ऐकला.

त्या दिवाळीनंतर मी आईचं कपाट उघडलं. सगळ्यात वर तिचा लग्नाचा शालू होता, तिनेच शेवटची घातलेली घडी. ती बदलली की तिच्या हाताचं काहीच उरणार नाही, असं मनात आलं. मी कपाट लावून टाकलं. नंतरच्या प्रत्येक दिवाळीला तेच केलं.

गेल्या महिन्यात माझ्या साखरपुड्यासाठी शालू काढला. बाबा समोर होते, दोन टोकं त्यांनी धरली आणि आम्ही तो उलगडला. घडीच्या प्रत्येक रेघेवर जर तुटली होती आणि खालचं रेशीम उकललं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, घडीचं आणि त्या दुकानात आईला बोलावलं होतं त्याचंही.

बाबांनी हातातली दोन्ही टोकं जुळवली.

“मला सांगायचंस ना,” ते म्हणाले, “मी आलो असतो.”