खाजा मियाचं नाक

डोंगर उतरून संपतो आणि हळदीची शेतं सुरू होतात, तिथंच हे गाव आहे. धड शहर नाही, धड खेडं नाही. एक आठवडी बाजार, खता-बियाण्यांची चार दुकानं आणि उठल्यासुटल्या दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस. अशा गावात नाव व्हायला फार काही लागत नाही. खाजा मियाचं नाकावर झालं होतं.

माघ-फाल्गुनात तो हळद शिजवायचे ड्रम घेऊन शेतोशेती फिरायचा. हळद कमी शिजली तर नीट वाळत नाही, जास्त शिजली तर रंग जातो. बाकीचे लोक हळकुंडात तुराटीची काडी खुपसून बघतात. आरपार गेली की झालं. खाजा मिया नुसता वाफेचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, "उतरवा." काडीवाल्यांना तो हसायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

दोन वर्षांपूर्वी तापात त्याचा वास गेला तो गेलाच. हे फक्त त्याच्या बायकोला, चाँदबीला, माहीत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! तेव्हापासून चाँदबी डबा घेऊन शेतावर यायची, ड्रमजवळ बसायची आणि पक्का वास सुटला की खोकायची. मग खाजा मिया ऐटीत हुकूम सोडायचा.

यंदा ऐन हंगामात लेक आयेशा बाळंत व्हायला आली आणि चाँदबी तिच्याबरोबर हिंगोलीला दवाखान्यात गेली. खाजा मिया सुमनबाईच्या शेतावर एकटाच. पहिल्या ड्रमला वाफ धरली. गडी त्याच्या नाकाकडे बघत उभे. त्यानं दोनदा हुंगलं. नुसती गरम हवा. तो मनातून घाबरला. बाईची वर्षाची हळद बिघडली, तर संध्याकाळपर्यंत बाजारात त्याचं नाव मातीत जाणार. काडी मागायला मात्र जीभ रेटेना.

तेवढ्यात सुमनबाई आली. झाकण सरकवून तिनं एक हळकुंड काढलं, कमरेची काडी काढून खुपसली. काडी मध्येच अडली.

"अजून पाच मिनटं," ती म्हणाली.

"तुमी बी काडीवाल्या?"

"बावीस साल झाले. तुमच्या माघारी बघते. तुमचं नाक कदी चुकलं न्हाई भाऊ, पर हळद माही हाय ना."

"मंग बोल्ल्या काहून न्हाई?"

"तुमाला वाईट वाटलं असतं." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "दोन साल झाले, चाँदबी खोकून राहिली. ते तरी मी कुटं बोल्ले?"

खाजा मियाला राग आला, चांगलाच आला. तिच्याकडं पाठ करूनच त्यानं तो ड्रम रिकामा करवला.

दुसऱ्या ड्रमला वाफ आली. गडी पुन्हा त्याच्या नाकाकडे बघू लागले. त्यानं सगळ्यांदेखत सुमनबाईपुढं हात केला.

"काडी द्या," तो म्हणाला.