रहमतबीचं वरचं

कळंबच्या बसस्टँडसमोर माझं किराणा दुकान आहे आणि त्याला लागूनच रहमतबीची खानावळ. मधे एकच भिंत, तीही टिनाची. त्यामुळे तिकडे फोडणी पडली की इकडे मी शिंकतो आणि गिऱ्हाईक विचारतं, "नागोराव, सर्दी झाली काय?" हा प्रश्न ऐकून ऐकून माझं डोकं उठलं आहे. भिंत पक्की बांधा म्हणणारे पुष्कळ आहेत, पण ती पक्की झाली तर वास बंद होईल.

खानावळीच्या पाटीवर 'रहमतबी' हे नाव वाचलं की एसटीतून उतरलेला माणूस सरळ आत शिरतो आणि बिर्याणी मागतो. रहमतबी कमरेवर हात ठेवून म्हणते, "बिर्याणी नाही, भात हाय." माणूस तिच्याकडे असा बघतो की जणू तिने पाटीवर खोटं नाव लावलंय. मग मला भिंतीपलीकडून ओरडावं लागतं, "अरे बाबू, तिले बिर्याणी येतच नाही. बस अन् भात खाय." चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला आलेली मंडळी मात्र हे ऐकून निर्धास्त होतात आणि बूड टेकतात.

भात साधा, पांढरा, रोज तोच. बदलतं ते त्याच्यावरचं. रहमतबीकडे त्याला नावच 'वरचं' आहे. रोजचे लोक आत शिरताना रामराम, जय भीम, सलाम काही घालत नाहीत, "आज वरचं काय?" एवढंच विचारतात. कधी ठेचलेला लसूण आणि वाळल्या मिरच्या तेलात लाल करून ते तेल भातावर ओतलं जातं. कधी जवसाची चटणी आणि त्यावर कच्चं तेल. उन्हाळ्यात ताकाला जिऱ्याची फोडणी. एकदा बाजारात काहीच मिळालं नाही, तेव्हा तिने लोणच्याच्या बरणीतला नुसता खार भातावर फिरवला, वरून कुरकुरीत तळलेला कांदा टाकला, आणि तेवढं खायला मी दुकान उघडं टाकून गेलो. भातावर डोळे मिटून वरण ओतणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. माझी बायको तुळसाबाई त्यांच्यातलीच आहे, आणि तिचं माझ्याबद्दलचं मतही फारसं बरं नाही.

तर या रहमतबीची एकुलती एक लेक अतिया. यवतमाळला एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिथलं मशीन बिघडलं की दुरुस्तीला निझामाबादचा नौशाद यायचा. पुढे पुढे ते मशीन फारच वेळा बिघडायला लागलं. पोरगा चांगला, सालस. त्याने घरी सांगितलं, हिनेही सांगितलं, आणि त्याचे आईबाप पोरगी बघायला येतो म्हणाले. अतियाचा पाय जमिनीवर ठरेना.

घोळ घातला तिच्या मामाने. मोहिउद्दीन गाड्या दुरुस्त करतो, पण स्वतःच्या तोंडाचा ब्रेक त्याला कधी लावता आला नाही. नौशादच्या अब्बांना फोनवर म्हणाला, "माझ्या बहिणीचं हॉटेल आहे, लोक दुरून दुरून जेवायला येतात." ते गृहस्थ निघाले बिर्याणीवाले. निझामाबादला स्वतःचं दुकान, सारा जन्म देगीसमोर गेलेला. ते खूश होऊन म्हणाले, "फिर तो समधन के हाथ की बिर्याणी खाएंगे." मोहिउद्दीनने होकार देऊन फोन ठेवला.

"मी त्याइले भातच वाढीन," रहमतबी म्हणाली.

अतिया उसळली. "अम्मी, ते बिर्याणीवाले हायेत. त्याइच्यासमोर पांढरा भात ठेवतं काय? म्हणतीन, या पोरीच्या घरी काहीच नाही. एक दिवस तं लोकाइसारखं कर."

रहमतबीने तांदळाचं सूप पुढे ओढलं. तिला काय बोललं तर किती लागतं हे तिच्या तोंडावरून कधी कळत नाही, आणि याचा मला नेहमी राग येतो. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडून गरम मसाला घेऊन गेली आणि सराव सुरू झाला. पहिली बिर्याणी खाली करपली, वर कच्ची राहिली आणि मधे चिखल झाला. दुसरीत भात शिजला, पण मटण तसंच राहिलं. वाया कशी घालवायची म्हणून सगळी आमच्या घरी यायची. तुळसाबाईने तर एकदा त्या बिर्याणीवरही वरण ओतलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला तिचं पटलं.

शेवटी मोहिउद्दीननेच तोड काढली. यवतमाळहून तयार बिर्याणी आणायची, घरच्या भांड्यात काढायची आणि झाकण ठेवायचं. अतिया लगेच तयार झाली. रहमतबी म्हणाली, "कायले खोटं करता?" पण पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून तिने भांडं काढून दिलं. भात मात्र तिने सवयीने लावलाच.

पाहुणे आले. मला पाणी वाढायला बोलावलं होतं. रहमतबीला घरचं माणूस म्हणून मोहिउद्दीन आणि मीच. बिर्याणी ताटात पडली. नौशादच्या अब्बांनी एक घास घेतला, चावला, आणि बोटं नाकाजवळ नेली.

"ये आपने नहीं बनाई," ते शांतपणे म्हणाले.

मोहिउद्दीनला खोकला आला. अतियाची मान जी खाली गेली ती वर येईना. मी जग हातात धरून तसाच उभा. संपलं, असं मला वाटलं. या पोरीला मी फ्रॉकात बघितलेलं.

रहमतबीने डोक्यावरचा पदर नीट केला. "नाही बनवली. मले येत नाही. मोहिउद्दीननं आनली, मी आनू देल्ली. पोरीचा दोष नाही."

"फिर आपको क्या आता है?"

"भात. अन् वरचं."

त्यांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "तो वही लाओ." रहमतबी आत गेली. लसणाचं तेल तापल्याचा वास आला आणि मी पाहुण्यांसमोर शिंकलो. तिने स्वच्छ ताटांत मोकळा भात वाढला आणि विचारलं, "थोडा सांबार डालूं?"

आता आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. हे आम्हाला इतकं पक्कं माहीत की दुनियेत दुसरा सांबार असेल हे ध्यानातच येत नाही. निझामाबादच्या माणसाला वाटलं, डाळीचं पातळ येणार. त्यांनी बोटांनी भातात छान आळं केलं आणि ताट पुढे सरकवलं. रहमतबीला वाटलं, त्यांच्याकडे अशीच रीत असेल. तिने चिमूटभर हिरवी पानं त्या आळ्यात मधोमध, सांभाळून ठेवली. ते वाट बघत राहिले. ती पण.

"डालो ना," ते म्हणाले.

"डाला ना."

"क्या?"

"सांबार."

त्यांनी त्या चार पानांकडे बघितलं. आधी नौशादची अम्मी ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली, मग मोहिउद्दीन, मग ते स्वतः. रहमतबी हसण्याचं कारण समजून घेत घेतच लसणाचं तेल घेऊन आली आणि ते आळं तिने काठोकाठ भरलं. नौशादच्या अब्बांनी ताट रिकामं केलं. दुसऱ्यांदा भात मागून ते अतियाला म्हणाले, "बेटी, तुमको आता है ये?"

"आता है," अतिया म्हणाली.

"घर में तीन बिर्याणीवाले हैं. सुबह-शाम वही. ईद के बाद की तारीख देखो, मोहिउद्दीन भाई."

मी जग खाली ठेवला. हात भरून आला होता. नौशादच्या अम्मीने ताट पुसून खाल्लं आणि रहमतबीला प्रेमाने विचारलं, की इतकी चव हातात आहे, मग बिर्याणी का नाही शिकलात?

रहमतबी म्हणाली, "हिचे अब्बा गेले तवा ही लहान होती. घरात तांदूळ असे, बाकी काही नसे. ही रोज शाळेतून आली का इचारे, अम्मी, आज काय हाय? रोज भात हाय कसं सांगू? म्हून काही तरी वरून टाकत गेली. कधी तेल, कधी चिंचेचं पानी, कधी नुसता कांदा. मंग तेच धंद्याले कामी आलं. बिर्याणी शिकाची राह्यली."

अतियाने मान वर केली. हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मला, भिंतीला भिंत लागून असलेल्या माणसालाही नाही.

"अम्मी," ती म्हणाली, "मले तं वाटे, आपन रोज काही येगळंच जेवतो."

"तेच वाटाले पाह्यजे होतं," रहमतबी म्हणाली आणि तिच्यासाठी ताट आणायला आत गेली.