पहिली नजर

पेणला आमचा गणपतीचा कारखाना. डोळ्यांची आखणी फक्त सासरे करतात. डोळे आखून झाले की मूर्तीसमोर आरसा धरायचा, तिची पहिली नजर माणसावर पडू द्यायची नाही, ही घरची रीत. मी मूर्तींच्या सोवळ्याचे रंग भरते. डोळ्यांना हात लावायचा नाही. त्या वर्षी दोन मूर्तींचे डोळे तिरके आले. "बाबा, डॉक्टरला डोळे दाखवा," म्हटलं की खेकसायचे, "माझं मला दिसतंय. तू तुझं बघ!" आणि आमचे हे खाली मान घालून रंग कालवत राहायचे.

पाऊस लागून राहिला, रंग सुकेनात, म्हणून एक दिवस आम्ही दोघं, बाबा आणि लेक असे रोह्यापुढचा टेकडीवरचा जुना राजवाडा बघायला गेलो. पावसाळ्यात तिकडे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. राखणदाराने दार उघडलं, "लाईट नाय," म्हणाला आणि बाहेरच विडी ओढत बसला. आत खिडक्या बंद, भिंतींना ओल. आमच्याच पावलांचा आवाज मागून जरा उशिरा येत होता.

बाबा पुढे चालत होते. लांब दालनाच्या टोकाला, खिडकीच्या फटीतून आलेल्या उजेडात, ते एकदम थबकले आणि हात जोडून बाजूला झाले.

"या, तुम्ही आधी जावा."

आम्हाला मागून त्यांच्यापुढे नुसता काळोख दिसत होता.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

"ह्ये काय, म्हातारे उभे हायत. मी हात जोडले, त्यांनीपण जोडले. बोलत नाय पण काय."

लेकीने माझी ओढणी घट्ट धरली. "कुठून दुर्बुद्धी सुचली इथे यायची!" मी ह्यांच्यावरच करवादले. मग देवाचं नाव घेत पुढे गेले, मोबाईलची बॅटरी लावली.

पुरुषभर उंचीचा आरसा होता, पारा उडालेला. त्यात बाबा होते, हात जोडून.

खरं सांगते, भूत असतं तरी चाललं असतं. "चला, गेले ते," मी एवढंच म्हणाले आणि त्यांचा हात धरून बाहेर आणलं.

येताना गडबला चहाला थांबलो. बाबा ग्लास हातात घेऊन नुसतेच बसले होते.

"सूनबाय, तो मीच व्हतो ना गो?"

"व्हय, बाबा."



दुसऱ्या दिवशी कारखान्यात बिनडोळ्यांच्या मूर्ती ओळीने वाट बघत होत्या. बाबांनी मला बोलावलं, बारीक ब्रश माझ्या हातात दिला आणि स्वतः आरसा घेतला.

"आख."

"बाबा, मी कधी आखले नाहीत."

"मीपण कधीतरी पहिल्यांदाच आखले व्हते. आख गो."

मी श्वास रोखून आखले आणि बाजूला सरकले. बाबांनी आरसा मूर्तीसमोर धरला आणि त्याच्यामागूनच हळूच विचारलं, "देवा, तुला तरी नीट दिसतंय ना रे?"