आत उघडणारं दार

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — तिनं माझ्याबरोबर अख्खा जन्म काढला आणि मला सरळमार्गी माणूस समजून गेली. आता तुम्हाला सांगायला बसलोय. कुठून सुरुवात करावी ते मात्र सुचत नाही, म्हणून अस्वलापासूनच करतो.

महाराष्ट्र होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहानशा नगरपालिकेत मी बांधकामाचा ओव्हरसियर होतो. धामणगाव बढ्याकडच्या डोंगरात कुणाला तरी अस्वलाचं पिल्लू सापडलं, त्यानं ते वाढवून गावात आणलं, आणि आमच्या अध्यक्षांनी ठरवलं की बागेत प्राणिसंग्रहालय झालंच पाहिजे. मंत्री येणार होते. मला बोलावून म्हणाले, नकाशा करा.

मी तोवर एकही प्राणिसंग्रहालय पाहिलेलं नव्हतं. पण नाही कसं म्हणायचं? वय तिशीच्या आत, अंगात रग, आणि मी बांधलेला कोंडवाडा साऱ्या तालुक्यात नावाजलेला. मोकाट गुरांनी कितीही रेटा दिला तरी त्याचं दार तुटायचं नाही. युक्ती साधी — दार आत उघडायचं. गुरं आतून ढकलत राहतात आणि ते चौकटीवर आणखीच घट्ट बसतं. तोच नकाशा मी काढला, भिंती उंच केल्या आणि खाली झोकात लिहिलं, 'अस्वलगृह'.

बाकीची अक्कलही माझीच. पाहुण्यांना अस्वल कुठूनही दिसावं म्हणून आत आडोसा ठेवला नाही. मधोमध सिमेंटचं झाड उभं केलं, इतकं गुळगुळीत की अस्वल चढायचं आणि घसरून पडायचं. लोक हसायचे. मीही पोट धरून हसलोय. मागच्या भिंतीवर पेंटरकडून सातपुडा काढून घेतला, त्यात निळा धबधबा. उन्हाळ्यात फरशी तापली की ते अस्वल त्या रंगवलेल्या पाण्याला नाक लावून उभं राहायचं. मग एक दिवस ते तिथं जायचंच थांबलं. भिंतीला अंग घासत गोल फिरायला लागलं. दारापाशी आलं की थांबायचं, फटीला नाक लावून हुंगायचं, पुन्हा फिरायला लागायचं. महिनोन्‌महिने. मला ते पाहवत नसे, म्हणून मी त्या बाजूला जाणं कमी केलं.

देखभालीला सुखदेव होता. देऊळघाटचा, माझ्याच वयाचा. अस्वलाला बाजूला कोंडायला दुसरी खोलीच नव्हती, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यामुळे आतला पाण्याचा हौद धुवायचा तर त्याला अस्वलासमोरच आत जावं लागे. एका कोपऱ्यात गूळ-भाकर टाकायची, मागे दार लोटून घ्यायचं, आणि ते खाईपर्यंत दुसऱ्या कोपऱ्यातला हौद घासायचा. एकदा त्यानं मला थांबवलं.

"सायेब, हे दार भाईर उघडाले पाह्यजे. तो मांगून आला तं मी दार वढू का जीव वाचवू?"

मला त्याच क्षणी पटलं होतं. समजलं नाही अशातला भाग नाही. पण मी पाटलाच्या घरचा, शिकलेला — आणि सुखदेव नुकत्याच बौद्ध झालेल्या वस्तीतला. त्यानं माझी चूक दाखवायची? मी म्हणालो, तू अस्वल सांभाळ, दाराचं मी बघतो. शेजारी पालिकेचा गफूर मिस्त्री उभा होता, तो हसला. सुखदेवही हसला.

चैत्रातली सकाळ होती. बाहेरच्या भिंतीला तडा गेला होता म्हणून मी आणि मिस्त्री तिथं आलो होतो. आत घासण्याचा आवाज चालू होता. तो थांबला. मग दारावर आतून काहीतरी आदळलं.

सुखदेव दारापर्यंत पोचला होता हो. पण दार आत ओढायचं तर एक पाऊल मागे यायला हवं, आणि मागे अस्वल होतं. आम्ही दोघं बाहेरून जीव खाऊन ढकलत होतो — म्हणजे त्यालाच ढकलत होतो, अस्वलाच्या अंगावर. येतंय ना ध्यानात? दार उघडलं ते सगळं संपल्यावर. अस्वल पुन्हा भिंतीकडेनं फिरायला लागलं होतं.

दुपारी अस्वलाला गोळी घातली. डॉक्टरांनी सुखदेवच्या जखमा लिहिल्या, त्यापुढे त्यांना कुणी काही विचारलं नाही. चौकशीला जिल्ह्याचे साहेब तिसऱ्या दिवशी येणार होते. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीकडून बिजागऱ्या उलट्या बसवून घेतल्या आणि वर चुना मारला. दार आता बाहेर उघडत होतं.

साहेबांनी ते उघडून पाहिलं आणि विचारलं, एवढं सोपं दार, मग माणूस बाहेर का आला नाही? याचा मी विचारच केला नव्हता. तरी उत्तर तोंडात तयार होतं. म्हणालो, प्यायलेला होता.

तेच का सुचलं? कारण त्या वस्तीतल्या माणसाबद्दल हे सांगितलं की पुरावा कुणी मागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी माझं वाक्य संपायच्या आत लिहून घेतलं. मिस्त्री खाली बघत राहिला. त्याची नोकरी माझ्या हातात होती.

दीक्षेत न पिण्याचं शील घेतलं त्या दिवसापासून सुखदेवनं दारूला हात लावला नव्हता. वस्तीतल्या कितीकांची त्यानं सोडवली होती, हे मला नंतर कळलं. त्याला बाहेर ओढल्यावर श्वास चालू आहे का ते मी त्याच्या तोंडाशी वाकून पाहिलं होतं. कसलाही वास नव्हता.

आठ-दहा दिवसांनी त्याची बायको सासऱ्याला घेऊन कचेरीत आली. मला वाटलं, काही मागायला आली असेल. तिनं एवढंच विचारलं.

"सगळी वस्ती इचारून राह्यली, सायेब. त्यायनं शील मोडलं होतं काय? तुमी तं जवळ होते."

खोलीत आम्ही तिघंच. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, हो, वास येत होता.

ती रडली नाही. मग म्हाताऱ्यानं हात जोडले.

"पोराची चूक झाली, सायेब. माफ करा त्याले."

मी माफ केलं.