इंझोरीची बंद घरं

कारंज्याहून दमणी (हलकी बैलगाडी) निघाली तेव्हा वाटलं, बरं झालं, ऊन तापायच्या आत चार गावं बघणं होईल. माझा भाचा वसंता सरकारी मोजणीवर होता. कोणाला काम आहे, कोणाला नाही, हे घरोघर विचारायचं. "आत्या, बायका माझ्याशी बोलत नाहीत, तू चल," म्हणाला. बोलायला काय, मला नुसतं निमित्त लागतं.

रस्ताभर पळस फुललेला. कापसाची वेचणी संपलेली, शेतात वाळक्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) तेवढ्या उभ्या. नाल्यात चाक रुतलं, उतरले तर घोट्यापर्यंत चिखल.

इंझोरीत पोचलो तर घराघराला कड्या. वसंता म्हणाला, "सगळे कामावर. इथं रस्त्याचं काम काढायची गरजच दिसत नाही." सरकार खडी फोडायचं काम देणार होतं, पण जिथं रिकामे हात जास्त, तिथंच.

दुपारी पाय धुवायला नाल्यावर गेले, तर बाभळींच्या सावलीत निम्मं गाव बसलेलं. पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे, प्रत्येकाजवळ शिदोरी. शेतात जेवताना सगळ्यांनी गाठी सोडायच्या, वाटून खायचं, ही तिकडची रीत. मी बसलेच मध्ये. ज्वारीची भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी. रुखमा नावाची तरणी बाई मात्र गाठ सोडेना.

"सोड ना गं," मी म्हटलं, "एकटीच श्रीखंड खाणार का?"

कोणी हसलं नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "तिले उपास हाय, बाई."

"कायचा उपास, मावशी," रुखमाच बोलली. "नुसतं फडकं हाय, आत काही नाही."

मग घरीच का नाही थांबत, असं मी विचारलं.

"इथं बसलेल्या कोणालेच आज काम नाही, बाई. घरी दिसलं तं समजते ना, आज इले कोणी बलावलं नाही. मंग उद्या बी बलावत नाही. म्हणतात, हिचा हात जड असन, काम उरकत नसन."

मी तिला रस्त्याचं सांगितलं. घरं बंद म्हणून मोजणी संध्याकाळी चावडीत आहे, तिथं ये, काम नाही म्हणून सांग.

"अन् रस्ता नाई निघाला तं?"

"निघेल गं," म्हणाले मी. कशाच्या भरवशावर, देव जाणे.

संध्याकाळी चावडीत वसंतानं विचारलं. मजूर लावणारे मोठे शेतकरी ओट्यावर बसलेले. एकेक पुरुष उठून सांगे, "हाय ना काम." मग रुखमा उभी राहिली. सासऱ्यासमोर पदर सावरत म्हणाली, "मले काम नाही. वेचणी सरल्यापासून नाही." मागोमाग म्हातारी. पुढं कोणीच उठलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते, आणि मीही.

"दोघींवर रस्ता निघत नाही, आत्या," वसंता हळूच म्हणाला.

"अरे, निम्मं गाव नाल्यावर बसलेलं मी बघितलंय."

"जो जे सांगेल तेच मला लिहावं लागतं."

सकाळी गाडी जुंपली, तेव्हा पऱ्हाट्या उपटायला बाया बोलावणारी दारोदार हाका मारत चालली होती. रुखमाच्या दारावरून ती मान न वळवता गेली. रुखमा उंबऱ्यात होती. मी जवळ गेले.

"तुमी कायले वाईट वाटून घेता, बाई," ती म्हणाली. "खरंच तं होतं ते." आणि गल्लीतून कामावर निघालेल्या बायांकडे बघत राहिली.

घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, कसा झाला प्रवास? मी पळसाचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं, ठेच्याचं तर दोनदा. रुखमाचं तोंडानं सांगता आलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.