दुसऱ्या मजल्यावरच्या बारा खोल्या

"साहेब, मला अटक करा," असं म्हणत एखादा माणूस आपल्या पायांनी पोलीस ठाण्यात येतो, हे माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडलं. तो दिवस मनातून काढायचा म्हटला तरी निघत नाही.

शिर्डीपासून अर्ध्या तासावरच्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. विधानसभेचा निकाल लागून महिना-दीड महिना झाला होता. बाहेरून बंदोबस्तासाठी आलेल्या तुकड्या परत गेल्या होत्या आणि ठाण्याचं रोजचं काम पुन्हा सुरू झालं होतं: भाविकांची मारलेली पाकिटं, उसाच्या ट्रॅक्टरला धडकलेले दुचाकीवाले, बांधावरची डोकेफोड. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसलो, तर समोर पांढरा सदरा, धोतर, खिशाला पेन लावलेले सत्तरीचे गृहस्थ उभे. गोदाकाठच्या एका गावातले निवृत्त शिक्षक. सगळा परिसर त्यांना गुरुजी म्हणायचा.

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"गावात माझ्या भिंतीवर 'वर्गणीचोर' असं लिहिलंय," ते म्हणाले. "मला आत घातलं तर निदान चौकशी तरी होईल. बाहेर राहून माझी चौकशी कुणी करीना."

प्रकरण असं होतं. आमच्या भागातला एक हॉटेलवाला अपक्ष उभा राहिला होता. दोन लॉज, एक पेट्रोल पंप, फ्लेक्स छापायचं दुकान असा त्याचा पसारा. पक्षानं तिकीट नाकारल्यावर तो प्रत्येक सभेत एकच सांगायचा, "मी माझा पैसा लावतोय. कुणाचा मिंधा न्हाई." लोकांना ते फार आवडलं. शेवटच्या आठवड्यात त्यानं गावोगाव सांगितलं की आपला खिसा आता रिकामा झाला, जनतेनं हात द्यावा. हरलो तरी उरलेल्या पैशातून शाळेला दोन खोल्या बांधून देऊ, असा शब्दही दिला. गुरुजींच्या गावात वर्गणी गोळा करायला गुरुजीच पुढे झाले. बायकांच्या बचत गटानं दिली, कांदा विकून आलेल्यांनी दिली, शिर्डीला हार विकणाऱ्या एका बाईनं दिली. गुरुजींनी प्रत्येकाला स्वतःच्या हातानं पावती लिहून दिली आणि रक्कम उमेदवाराच्या निवडणूक खात्यात भरली.

उमेदवार पडला. गुरुजी शाळेच्या खोल्यांचं विचारायला गेले, तर तो म्हणाला, "गुरुजी, एक रुपाया उरला न्हाई." गावानं त्याला काही विचारलं नाही. पावतीवर सही गुरुजींची होती, म्हणून गावानं गुरुजींना विचारलं.

मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि प्राथमिक चौकशी सुरू केली. उमेदवारानं सादर केलेल्या खर्चाच्या नकला निवडणूक शाखेतून मागवल्या. बिलं पाहून माझा हवालदार हसला. लॉज बायकोच्या नावावर, पंप मुलाच्या, फ्लेक्सचं दुकान मेहुण्याच्या. जवळजवळ सगळा खर्च या तीन ठिकाणी झालेला. त्यानं आपला पैसा प्रचारात घातला होता हे खरं, पण तो फिरून त्याच्याच घरात आला होता, आणि येताना लोकांची वर्गणी सोबत घेऊन आला होता.

सरकारी वकिलांना कागद दाखवले. ते म्हणाले, "स्वतःच्या दुकानातून माल घेणं हा गुन्हा नाही. माल दिलाच नाही आणि बिल लावलं, असं दाखवा. मग फसवणूक."

उमेदवाराला चौकशीला बोलावलं. तो वेळेवर आला, पायातली चप्पल दाराबाहेर काढून आत आला, जणू मंदिरात आलाय. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, माझं हॉटेल असताना मी कार्यकर्ते दुसऱ्याच्या हॉटेलात जेवायला घालू? माझा पंप असताना दुसऱ्याकडं डिझेल भरू? लोक मला येडा म्हनतील." आरोपी ओरडत असला की पोलिसाचं काम सोपं होतं. जो शांतपणे तुम्हालाच विचारतो, त्याच्यापुढे पोलीस अडखळतो.

त्या बिलांत एक मोठं बिल होतं: 'कार्यकर्ते निवास, दुसरा मजला, बारा खोल्या, आठ दिवस.' ते वाचताना मला काहीतरी आठवायला हवं होतं. आठवलं नाही, की मी आठवू दिलं नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आमच्या भागात लॉजवाल्यांना मुक्कामाला आलेल्यांची नोंदवही ठेवावी लागते आणि आमचा माणूस ती नेमानं तपासून सही करतो. मी हवालदाराला त्या आठ दिवसांची वही आणायला सांगितली. त्यानं ती टेबलावर उघडी ठेवली. दुसऱ्या मजल्यापुढं आठही दिवस 'निरंक' लिहिलेलं, खाली आमच्याच ठाण्याच्या सह्या. एकही कार्यकर्ता तिथं राहिला नव्हता. मी टेबलावर थाप मारली. हवालदारानं मात्र वही मिटून काखेत घेतली. "काय झालं?" मी विचारलं. "काय न्हाई साहेब," म्हणून तो बाहेर गेला.

लॉजचा मॅनेजर पाथर्डीकडचा होता. आईबाप ऊसतोडीला जायचे, हा एकटा शिकून इथं नोकरीला लागलेला. जबाब घ्यायला त्याला समोर बसवला. पहिला तासभर तो "मालकाला इचारा" एवढंच म्हणत होता. मी त्याला दम दिला नाही. भिंतीवर 'वर्गणीचोर' लिहिलेल्या एका शिक्षकाची गोष्ट फक्त सांगितली. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, बिलं निकालानंतर केली. सगळी एका बैठकीत. तारखा मालकानं सांगितल्या, म्या लिवल्या. कार्यकर्ता एकबी न्हवता."

"म्हणजे खोल्या रिकाम्या होत्या?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"रिकाम्या कशा असतील साहेब? तुमच्याच पोरी हुत्या की तिथं. तुमीच फोन केल्ता."

संगणकावर जबाब टिपणाऱ्या आमच्या लेखनिकाचे हात थांबले.

आता जे लिहितो ते मी कधीच कुणाला लेखी दिलेलं नाही. मतदानाआधी महिला पोलिसांची एक तुकडी बाहेरच्या जिल्ह्यातून आली होती. त्यांची सोय एका शाळेत केली होती. संडासाच्या दारांना कड्या नव्हत्या. त्यांच्या महिला उपनिरीक्षक मला म्हणाल्या, "सर, मुली संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. बाहेर जावं लागू नये म्हणून." मला लाज वाटली. मी वरती पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. तेव्हा मी या हॉटेलवाल्याला फोन केला. तो उमेदवार आहे हे मला माहीत होतं. निवडणुकीत उमेदवाराकडून खोल्या घेणं किती गैर आहे हेही माहीत होतं. मी म्हणालो, "काय होईल ते बिल पाठवा." तो म्हणाला, "लेकीबाळी हायेत साहेब. बिलाचं नाव काढू नका." मी "बघू नंतर" म्हणालो आणि नंतर कधीच बघितलं नाही. पोलीस राहतात म्हणून नोंदवहीत नोंद केली नाही, आणि ती न केलेली नोंद माझ्याच माणसानं रोज सही करून पक्की केली.

म्हणजे ज्या खोल्या त्यानं मला फुकट दिल्या, त्यांचे पैसे त्यानं गुरुजींच्या गावाकडून वसूल केले होते.

मी वरिष्ठांकडे गेलो. जबाब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "ही ओळ राहिली तर पहिला तू जाशील," ते म्हणाले. "आणि त्या मुलींना खात्याच्या चौकशीला उभं राहावं लागेल. त्यांचा काय दोष?"

परत येईपर्यंत मी स्वतःला हेच सांगत होतो. त्यांचा काय दोष? मुलींना कशाला त्रास? त्या मुलींचं मला मनापासून वाईट वाटलं होतं हे खरं, पण त्या दिवशी मी त्यांच्या आडोशाला लपलो हेही तितकंच खरं. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी मॅनेजरला पुन्हा बोलावलं आणि नवा जबाब घेतला, त्या ओळीशिवाय. त्यानं सही केली. जाताना मात्र दारात म्हणाला, "माझं काय साहेब, मी खरं ते सांगितलं हुतं."

दोन दिवसांनी उमेदवार न बोलावता आला. चप्पल या वेळी त्यानं बाहेर काढली नाही.

"खोल्या रिकाम्या हुत्या असं लिवलंय म्हनं तुमी. कोन हुतं ते सांगू का?" मग स्वतःच हसला. "न्हाई सांगत. पोरींची अडचन हुती, मी भागवली. तुमी माझी भागवा. कागद संपवा."

मी कागद संपवला. आमच्याकडे त्यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे: 'सदर प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याने अर्जदारास न्यायालयात दाद मागण्याची समज देण्यात येत आहे.' ते मी शेकड्यांनी लिहिलं असेल. त्या दिवशी ते लिहिताना मी लेखनिकाकडे बघितलं नाही.

गुरुजींनी ते समजपत्र उभ्यानंच वाचलं. पोच म्हणून सही केली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "म्हणजे मी चोर ठरलो नाही. आणि चोर कोण तेही ठरलं नाही." एवढं बोलून ते एसटी स्टँडकडे चालायला लागले.

पुढचं मला हवालदाराकडून कळलं. गुरुजी दर महिन्याला पेन्शन झाली की पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती घेऊन घरोघर जायचे आणि एकेकाची वर्गणी परत करायचे. लोक घ्यायचे. घेणाऱ्यांपैकी काहींनी तर "बघा, त्यानंच खाल्ले हुते नव्हं? उगाच देतोय व्हय?" असंही म्हटलं. नाकारली ती एकट्या हारवाल्या बाईनं. "मी त्या हॉटेलवाल्याला न्हाई, तुमाला दिल्ते," ती म्हणाली. "तुमाला दिलेलं माघारी कशी घेऊ?"

पुढच्या निवडणुकीत तो हॉटेलवाला निवडून आला. या वेळी त्याला पक्षाचं तिकीट होतं. दुसऱ्या लॉजवर आणखी एक मजला चढला.

निवृत्त झाल्यावर मी एका सकाळी गुरुजींकडे गेलो. ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं सांगितलं: फोन, खोल्या, गाळलेली ओळ. रागावतील, हाकलून देतील, असं वाटलं होतं. मला तेच हवं होतं, कारण मग हिशेब मिटला असता. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवली. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणून ठेवला.

"त्या पोरींची सोय केलीत ते चांगलंच केलंत," ते शेवटी म्हणाले. "पण ते तुम्ही तेव्हाच माझ्यापुढं बोलला असतात, तर साहेब, मी तुमच्या बाजूनं साक्षीला उभा राहिलो असतो. म्हणालो असतो, वर्गणीतले तेवढे पैसे त्या लेकींसाठी गेले, आम्ही दिले. गावानंही मानलं असतं."

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. चौतीस वर्षं मी माणसं तपासली, कोण खोटं बोलतो ते डोळ्यांवरून ओळखायला शिकलो, आणि समोरचा माणूस खरं ऐकून आपल्या पाठीशी उभा राहू शकतो, एवढी साधी शक्यता मी कधी धरली नाही. स्वतःच्या पैशावर निवडणूक लढवणारा माणूस स्वच्छ असतो, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव एवढाच, की असा माणूस पैसा लावतो तेव्हा तो आधी माणसं विकत घेत नाही, त्यांच्या अडचणी विकत घेतो. माझी अडचण त्यानं घेतली, तेव्हा मला ती माणुसकी वाटली होती.

चहा गार झाला होता. गुरुजींनी सूनबाईंना हाक मारून तो पुन्हा गरम करायला सांगितला.